सेलोफेनची कहाणी

पत्रावळ उकिरड्यावर टाकली, की पावसाळ्यात तिचे खत होते. प्लास्टिकची पिशवी मात्र तशीच पडून राहते. मग गोठवलेली मासळी, मटार कुजणाऱ्या वेष्टनातच का भरू नयेत, असे तुम्ही विचाराल. मंडळी, तसे एक वेष्टन पूर्वीच निघाले होते. त्याचे नाव सेलोफेन.

स्वित्झर्लंडचे रसायनशास्त्रज्ञ जॅक ब्रँडेनबर्गर फ्रान्समध्ये कापडाच्या धंद्यात होते. कापडावर डाग पडू नये म्हणून त्यांनी त्यावर व्हिस्कोजचा थर देऊन पाहिला. कापड ताठर झाले. पण थर सोलून निघाला तो काचेसारखा नितळ! १९०८ साली त्याचाच त्यांनी पातळ कागद केला. मूळ द्रव्य झाडाचेच, लाकडाच्या लगद्यातले सेल्युलोज.

तिकडे अमेरिकेचे क्लॅरेन्स बर्ड्सआय १९१२ नंतर काही वर्षे लॅब्राडोरच्या बर्फाळ मुलखात राहिले. पाण्यातून काढलेला मासा तिथे झटकन गोठतो आणि पुढे शिजवला तरी ताजा लागतो, हे त्यांनी पाहिले. सावकाश गोठवले तर बर्फाचे स्फटिक मोठे होऊन मांस फाटते. झटपट गोठवले तर ते बारीक राहतात. मेख ती एवढीच. ६ मार्च १९३० रोजी स्प्रिंगफील्ड शहरातल्या दुकानांत त्यांचा गोठवलेला माल विक्रीस आला.

पण शीतपेटीतली हवा फार कोरडी. ती उघड्या मासळीतला ओलावा ओढून घेते. मासळी पांढुरकी आणि चिवट होते. साधा सेलोफेन तर वाफ आरपार जाऊ देतो! यावर उपाय १९२७ सालीच निघाला होता. ड्यू पाँट कंपनीच्या विल्यम हेल चार्च यांनी सेलोफेनवर नायट्रोसेल्युलोज व मेण यांचा अगदी पातळ लेप दिला.

खरी अडचण इथेच आहे बरं का. कुजवणाऱ्या जंतूंना ओल लागते. जो कागद ओल आत घेतो, तो लवकर कुजतो. जो ओल अडवतो, त्याला जंतूही लवकर शिवत नाहीत. मासळीला हवा दुसरा, आणि मातीला हवा पहिला.

१९३३ साली इंग्लंडमध्ये पॉलिथिन सापडले. ते वाफ अडवी, थंडीतही मऊ राही आणि पुढे स्वस्तही झाले. सेलोफेन मागे पडला. तोही निर्दोष नव्हताच. त्याच्या कारखान्यात वापरला जाणारा कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जातंतूंना अपाय करी.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकवर निर्बंध आले, तेव्हापासून मक्यासारख्या पिकांपासून केलेल्या पिशव्यांची चर्चा आपल्याही कानी येते. पण त्यांतल्या पॉलिलॅक्टिक आम्लाच्या पिशवीला लवकर कुजायला सुमारे ६० अंश सेल्सिअस उष्णतेचा खतढीग लागतो. शेताच्या बांधावर टाकून ती लवकर विरायची नाही.

तेव्हा गुरुजींनो, शाळेच्या बागेत पळसाचे पान, कागद, पॉलिथिन आणि ‘कुजणारी’ म्हणून मिळालेली पिशवी, यांचा एकेक तुकडा पुरून ठेवा. जागेवर खुणा करा, महिन्या-महिन्याने उकरून पाहा. पिशवीवरच्या छापील अक्षरांपेक्षा मुलांना ती माती अधिक शिकवील.