खानेसुमारीतली आपली माणसं

घराण्याची वंशावळ मांडायला बसलं की प्रश्न येतो, पणजोबांचं नाव कुठं सापडेल? बरेच समाजबांधव म्हणतात, जुन्या खानेसुमारीत असेल. पण खानेसुमारीत गावाचा आणि तालुक्याचा आकडा मिळतो, माणसाचं नाव मिळत नाही. घरोघरचा तपशील कायद्यानंच गुप्त ठेवला जातो.

आकडाही जपून वाचावा लागतो. १९३१ पर्यंतची मोजणी एका ठरलेल्या रात्रीची होती. जो जिथं सापडला, तो तिथला. निफाडचा गडी त्या रात्री मनमाडला रेल्वेच्या कामावर असला, तर तो मनमाडच्या आकड्यात गेला. वय अंदाजानं सांगायचं, म्हणून तीस, चाळीस, पन्नास या वयांवर माणसांची गर्दी दिसते.

सर्वांत मोठा फरक धर्माच्या रकान्यात आहे. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध होते सुमारे अडीच हजार. १९६१ साली झाले २७,८९,५०१. माणसं तीच होती, उत्तर बदललं होतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्या शेजारच्या येवल्यात बाबासाहेबांनी घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा दिली, त्याचं हे फळ. परंतु अनुसूचित जातींच्या केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० पर्यंत नव्हत्या. त्यामुळे कित्येक घरांत मन बौद्ध झालं, कागद हिंदू राहिला. थोरला भाऊ 'हिंदू महार', धाकटा 'बौद्ध'. नातवाला वाटतं, ही दोन घराणी. रक्त मात्र एकच.

नावं शोधायची तर तहसिलातलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, आणि शाळेचं जनरल रजिस्टर पाहावं. जुन्या नोंदी पुष्कळदा मोडीत असतात. आडनाव नसतं, नुसतं बापाचं नाव आणि जात. जन्मलेल्या लेकराचं नावही नसतं, फक्त 'मुलगा' किंवा 'मुलगी'. शाळेत गुरुजींनी कित्येकांचा जन्म १ जूनला लावून टाकला. आडनावंही बदलली. खुद्द बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं. पण ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत नोंद झाली ती 'भिवा रामजी आंबेडकर' अशी. म्हणून आडनाव जुळलं नाही की 'हे आपले नव्हेत' असं म्हणू नये. गाव, बापाचं नाव आणि साल एकत्र ताडून पाहावं.

हा नुसता हौसेचा विषय नाही. जातपडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. जो शब्द आपण दीक्षेच्या दिवशी मागं टाकला, तोच शब्द पोरांच्या शिक्षणासाठी पणजोबांच्या नोंदीत शोधावा लागतो. त्यात कमीपणा मानू नये. तो कागद आपल्यावर काय लादलं होतं ते सांगतो, आणि आपण कुठून चालत आलो तेही.

म्हणून आमची विनंती आहे : नोंदीची नक्कल काढा, तिच्यावर स्वतः खाडाखोड करू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांचं म्हणणं वेगळ्या वहीत, तारीख घालून लिहा. आज्यांची माहेरची नावं आणि गावं आधी लिहा, कारण ती कागदात सहसा सापडत नाहीत. सांगणारी माणसं आहेत तोवरच हे काम होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!