निरामिष आमिष

मालवणात माणूस किनाऱ्यावरून जाळं ओढायला रापणीवर जातो, नाहीतर गरवूक जातो. गरी म्हणजे गळ, आणि गरीने मासा धरणं म्हणजे गरवणं. एवढं नेमकं क्रियापद घाट चढून वर कसं गेलं नाही, कोण जाणे!

गरीला टोचायचं ते आमिष. हा शब्द मुळात लबाडीचा नव्हे. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. म्हणून तर शाकाहाराला निरामिष म्हणतात. मांसाचं नाव गळाच्या चाऱ्याला पडलं आणि आता ते निवडणुकीतल्या साड्यांपर्यंत येऊन ठेपलंय. बाराव्या शतकात कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वर चालुक्याने 'मानसोल्लासा'त मत्स्यविनोदाचा अख्खा अध्याय घातला. माशांच्या जाती, काठी, दोरी, कुणाला कोणता चारा, सगळं त्यात आहे. कर्लीच्या खाडीत आमचा मामा चोणक माशासाठी जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी, टोचतो, तेही त्याच वळणाचं.

मांस वगळण्याची युक्ती निघाली ती लांब, मॅसिडोनियात. इसवी सन २००च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने ती लिहून ठेवली. तिथल्या नदीतले ठिपकेदार मासे पाण्यावर बसणारी एक माशी खात. पण माणसाचा हात लागला की त्या माशीचा रंग उडे आणि मग मासे तिला विचारत नसत. तेव्हा कोळ्यांनी गळाला तांबडी लोकर गुंडाळली आणि वर कोंबड्याची दोन पिसं बांधली. खरी माशी कामाची नाही, म्हणून खोटी! हेच फ्लाय फिशिंगचं कूळ. १४९६ साली इंग्लंडात छापलेल्या गळाच्या ग्रंथात अशा बारा खोट्या माश्या महिन्यांच्या हिशेबाने दिल्या आहेत.

खोट्या माशीने एक नवीनच अडचण आणली. आपल्या गरवण्यात शिसं पुढे उडतं आणि तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, त्याच्यामागे जाते. पिसाला वजन कुठलं? म्हणून फ्लाय फिशिंगमध्ये दोरीच जाड, वजनदार, आणि फेकायची तीच. दोरी आधी मागे टाकायची, हवेत ती सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. शिकण्यासारखं काय असेल तर ते थांबणं. ही फेक शिकताना देवबागच्या वाऱ्यात मी घाई केली आणि गरी दोनदा माझ्याच टोपीत रुतली. तिसऱ्यांदा मान वळवून मागची दोरी डोळ्यांनी पाहिली, तेव्हा कुठे पीस पाण्यावर पडलं.

मामा होडीत बसून हसत होता. पिसाला कोण फसणार, असं मी म्हणालो, तर म्हणतो, "तेका भूकच लागाक व्हयी असा काय नाय. राग इलो तरी तो धरता." सुकती, म्हणजे ओहोटी, लागल्यावर खडकाच्या कडेने पीस दोनदा खेचून सोडलं, आणि पाणी फुटलं. चोणक नव्हे, वीतभर तांबोशी. पण कोंबड्याच्या पिसावर!

घरी येऊन मी मामीला कौतुकाने सांगितलं की या माशासाठी सुंगटाचा तुकडाही लावला नाही, अगदी निरामिष. तिने टोपलीत डोकावून पाहिलं.

"आज सोमवार," ती म्हणाली. "बर्फात ठेव."