क्रेडिट कार्ड भरणा : संकेतस्थळासाठी व्यवस्थेची निवड

संकेतस्थळावरून माल किंवा सेवा विकणाऱ्याने ग्राहकाच्या क्रेडिट कार्डावरून पैसे घेण्यासाठी कोणती सोय पत्करावी, हा ऑनलाइन व्यापारातला पायाभूत निर्णय. नवा विक्रेता बहुधा आधी दर विचारतो. त्याहून महत्त्वाचे प्रश्न दोन : कार्डाचा क्रमांक नेमका कोणाच्या पानावर टाइप होणार, आणि विक्रेत्याच्या खात्यात पोचेपर्यंत पैसे कोणाच्या ताब्यात राहणार.

मध्यस्थ : बँकेकडून थेट मर्चंट खाते घेता येते, पण कागदपत्रे आणि तांत्रिक कामाचा भार पाहता लहान व्यावसायिक पेमेंट अ‍ॅग्रिगेटरकडे जातो. बिलडेस्क, रेझरपे, कॅशफ्री ही यातली परिचित नावे. बोलण्यात सगळ्यांनाच ‘गेटवे’ म्हणतात, मात्र रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन्ही वेगळे केले. गेटवे केवळ तांत्रिक वाट पुरवतो, पैशाला हात लावत नाही. अ‍ॅग्रिगेटर ग्राहकाचे पैसे आधी स्वतःकडे घेतो; त्यामुळे तो बँक नसेल तर त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते आणि ही रक्कम बँकेतील एस्क्रो खात्यात वेगळी ठेवावी लागते. करार करण्यापूर्वी ही परवानगी तपासून घ्यावी.

कार्डाचा क्रमांक : सर्वांत सुरक्षित पद्धतीत ‘पैसे भरा’ दाबताच ग्राहक अ‍ॅग्रिगेटरच्या पानावर जातो किंवा त्याचीच चौकट विक्रेत्याच्या पानावर उघडते. दोन्ही प्रकारांत क्रमांक विक्रेत्याच्या सर्व्हरला शिवत नाही. स्वतःचा फॉर्म बनवून क्रमांक स्वतः घेतला, तर पीसीआय डीएसएस या सुरक्षा मानकाच्या कितीतरी कडक अटी अंगावर येतात. पान आपल्या रंगरूपाचे दिसावे एवढ्यासाठी लहान दुकानाने ही जोखीम घेऊ नये. १ ऑक्टोबर २०२२ पासून तर भारतात कार्ड देणारी बँक व कार्ड नेटवर्क यांखेरीज कोणालाही कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही. ‘कार्ड जतन करा’ म्हटल्यावर साठतो तो टोकन, म्हणजे मूळ क्रमांकाऐवजी वापरायचा सांकेतिक क्रमांक. ग्राहकाने फोनवर सांगितलेला क्रमांक वहीत किंवा एक्सेलमध्ये टिपून ठेवण्याची सवयही म्हणूनच मोडायला हवी.

खर्च : रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील मर्चंट शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे, क्रेडिट कार्डाच्या शुल्काला मात्र तशी सरकारी मर्यादा नाही. पुण्यातून दिवाळीचा फराळ विकणारे घरगुती दुकान उदाहरणादाखल घेऊ. नाशिकच्या ग्राहकाने ६,००० रुपयांची ऑर्डर दिली आणि दर २ टक्के असला, तर शुल्क १२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २१ रुपये ६० पैसे. हाती आले ५,८५८ रुपये ४० पैसे. तीच ऑर्डर न्यू जर्सीतल्या लेकीने तिथल्या कार्डावर दिली आणि दर ३ टक्के धरला, तर कपात २१२ रुपये ४० पैसे. परदेशी कार्डांची सोय बहुधा वेगळी मागून घ्यावी लागते. दिवाळीच्या तोंडावर अर्ज करून ती वेळेवर मिळेल या भरवशावर राहू नये. पैसे साधारण दोन कामकाजी दिवसांनी जमा होतात. बेसन-तुपाची उधारी त्याआधी फेडायची असेल, तर अर्ध्या टक्क्याच्या सवलतीपेक्षा हे दिवस अधिक मोलाचे.

अर्धवट व्यवहार : ओटीपी टाकला, पैसे कापले गेले आणि तेवढ्यात ग्राहकाचे नेट गेले. तो दुकानाच्या पानावर परतलाच नाही, म्हणून ऑर्डर नोंदली नाही. यावर उपाय म्हणजे वेबहुक : भरणा झाल्याचा निरोप ब्राउझरवर न विसंबता अ‍ॅग्रिगेटरचा सर्व्हर दुकानाच्या सर्व्हरला थेट देतो. संकेतस्थळ बनवणाऱ्याकडून ही सोय आग्रहाने करून घ्यावी आणि मालही या निरोपाची खातरजमा झाल्यावरच पाठवावा. विक्रेत्याकडे भरण्याची पुष्टी पोचलीच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत व्हायला हवी; पुढच्या प्रत्येक दिवसाला ग्राहकाला १०० रुपये भरपाई आहे.

चार्जबॅक : ग्राहकाने विक्रेत्याऐवजी स्वतःच्या बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागणे. भारतीय कार्डांना ऑनलाइन व्यवहारात २००९ पासून जादा पडताळणी सक्तीची आहे. परदेशी कार्डावर ओटीपी येईलच असे नाही, आणि चोरीचे कार्ड निघाल्यास नुकसान सहसा विक्रेत्याच्या पदरी पडते. तक्रार कित्येक आठवड्यांनीही येऊ शकते. तोवर फराळ खाऊन संपलेला असतो. म्हणून कुरिअरची पावती, पोच आणि ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार जपून ठेवावा. पुष्कळ तक्रारींत फसवणूक नसतेच. दुकान ओळखीचे असते एका नावाने, कार्डाच्या विवरणपत्रात छापून येते मालकाच्या नोंदणीकृत फर्मचे दुसरेच नाव, आणि ग्राहकाला तो व्यवहार आपला वाटत नाही. विवरणपत्रात कोणते नाव उमटणार हे अ‍ॅग्रिगेटरला पहिल्याच दिवशी विचारावे, आणि दुकानाचेच नाव लावून घ्यावे.