चुंबकीय कोलाहल : अलिबागपासून रुग्णशय्येपर्यंत

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेपुढे एक चमत्कारिक संकट उभे राहिले. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नियमित नोंद तेथे १८४६ पासून होत आली होती. आता शहरातील घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम यावयाच्या होत्या, आणि त्यांचा विद्युत्प्रवाह वेधशाळेतील नाजूक चुंबकसूचींना क्षणभरही स्वस्थ राहू देणार नव्हता. संचालक डॉ. नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत चुंबकीय वेधांचे सारे बिऱ्हाड १९०४ मध्ये बंदरापलीकडे अलिबागला गेले. तेथील इमारत पोरबंदरी दगडाची बांधली, लोखंड कटाक्षाने टाळले. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी वेध घेऊन जुन्या नोंदींचा धागा तुटू दिला नाही. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. ती १९६४ मध्ये इतिहासजमा झाली. अलिबागची नोंद मात्र आजही चालू आहे.

तारा, यंत्रे आणि वाहने यांचा हा कोलाहल कानांना ऐकू येत नाही. पुढे तोच वैद्यकाच्या वाटेत आडवा आला.

१९५४ मध्ये अमेरिकेत पॅकार्ड आणि व्हेरियन यांनी एक साधा दिसणारा प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्यातील हायड्रोजनच्या अणुगर्भांना चुंबकाच्या जोराने एका दिशेस वळवावयाचे व तो जोर एकाएकी काढून घ्यावयाचा. मग ते अणुगर्भ पृथ्वीच्या अर्ध्या गॉसच्या क्षेत्राभोवती भोवऱ्याप्रमाणे डुलू लागतात. सेकंदास सुमारे दोन हजार वेळा. ध्वनिवर्धकास जोडल्यास हा संदेश सूर म्हणून ऐकताही येतो. पण विजेच्या तारांची गुणगुण याच सप्तकांत वावरते, म्हणून असा प्रयोग वस्तीपासून दूर, मोकळ्या रानात चांगला साधतो. रुग्णालय काही रानात नेता येत नाही.

१९८० मध्ये स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे जॉन मॅलर्ड यांच्या चमूने चुंबकीय अनुस्पंदनाने रुग्णाच्या शरीराची चित्रे घेतली. क्षेत्र होते अवघे ४०० गॉस, आणि संदेशाची कंपने सेकंदास सतरा लाख, म्हणजे नभोवाणीच्या मध्यम लहरींच्या अगदी काठावर! शरीराचा क्षीण संदेश टिपणारे वेटोळे बाहेरच्या लहरींनाही तितक्याच आदराने घरात घेते. यंत्र बांधणाऱ्यांनी मग बळाचा मार्ग धरला. क्षेत्र १५,००० गॉसपर्यंत चढविले, खोलीला तांब्याचे अस्तर दिले. संदेश प्रबळ झाला. राहिलेला कोलाहल मुख्यतः रुग्णाच्या स्वतःच्याच देहाचा. मात्र अशा यंत्राला द्रवरूप हेलियम लागला, स्वतंत्र दालन लागले, आणि रुग्णाने त्याच्यापाशी जावे असा नियमच होऊन बसला. कृत्रिम श्वासावर असलेल्या रुग्णाने किंवा मुदतीपूर्वी जन्मलेल्या अर्भकाने कसे जावे?

याचे उत्तर दुबळ्या क्षेत्राकडेच होते. २००४ मध्ये बर्कली येथे जॉन क्लार्क यांच्या प्रयोगशाळेने केवळ १.३२ गॉसमध्ये सुस्पष्ट चित्रे मिळविली. (क्लार्क यांना २०२५ मध्ये भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, ते त्यांच्या दुसऱ्या कार्यासाठी.) अशा अतिसंवाहक उपकरणांत वेटोळी एकमेकांच्या उलट गुंडाळतात. दूरच्या तारेचा उपद्रव दोन्हींत सारखाच उमटून वजा होतो. जवळच्या वस्तूचा संदेश एकीत अधिक, दुसरीत उणा, म्हणून तो उरतो. युक्ती जुनी आहे, पण तिचे मोल कमी नाही.

२०२० मध्ये अमेरिकेत चाकांवर ढकलत नेण्याजोग्या, ६४० गॉसच्या एका यंत्राला परवानगी मिळाली. ते भिंतीवरील साध्या विजेच्या खटक्यावर चालते. तांब्याची खोली त्याला लागत नाही. त्याची काही वेटोळी केवळ भोवतालचा कोलाहल टिपतात आणि गणकयंत्र तो मूळ संदेशातून वजा करते. अतिदक्षता विभागात, श्वासयंत्राशेजारी उभे राहून, ते मेंदूचे चित्र काढते. हे चित्र मोठ्या यंत्राइतके रेखीव नसते. बारीक इजा त्यातून निसटू शकते, आणि शंका राहिल्यास रुग्णाला तांब्याच्या खोलीकडे न्यावेच लागते.