डायलिसिस सुरू असताना तहान आणि वेदना कशा सांभाळाव्यात?

मूत्रपिंड निकामी झाल्यावर डायलिसिसचे यंत्र रक्त शुद्ध करते आणि शरीरात साठलेले जादा पाणी काढून टाकते. पण निरोगी मूत्रपिंड हे काम रात्रंदिवस करते, तर यंत्राला त्यासाठी आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा जेमतेम चार-चार तास मिळतात. उरलेल्या वेळात प्यायलेले पाणी शरीरातच राहते. त्यामुळे डायलिसिसवर असलेल्या माणसाचा रोजचा झगडा मुख्यतः दोन गोष्टींशी असतो : तहान आणि दुखणे. या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

पाण्याची मर्यादा कशी ठरते?

रुग्णाला दिवसभरात किती लघवी होते, यावर हे अवलंबून असते. साधारणपणे, आदल्या दिवशी जितकी लघवी झाली तितके पाणी आणि वर सुमारे 500 मिलिलिटर, असा हिशेब डॉक्टर सांगतात. लघवी पूर्ण थांबलेल्या रुग्णाची मर्यादा त्यामुळे खूपच कमी असते. नेमका आकडा मात्र ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचा असतो.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. म्हणून दोन डायलिसिसच्या मधल्या काळात वाढलेले वजन हे बहुतांशी पाण्याचेच असते. जादा पाणी निघून गेल्यानंतरच्या वजनाला 'ड्राय वेट' म्हणतात. मधल्या काळातली वाढ या वजनाच्या चार ते साडेचार टक्क्यांच्या आत असावी, असे मानले जाते. 60 किलोच्या माणसासाठी ही वाढ सुमारे अडीच किलो होते.

यंत्राने पाणी काढण्याच्या वेगालाही मर्यादा आहे. दर किलो वजनामागे तासाला 13 मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी काढले तर हृदयावर ताण येण्याचा धोका वाढतो. 60 किलोच्या रुग्णाचे चार तासांत यामुळे साधारण तीन लिटरच पाणी सुरक्षितपणे निघू शकते. पाच लिटर साठवून आलेल्या रुग्णाचे सगळे पाणी एका बैठकीत काढायला गेले की रक्तदाब घसरतो, पायात गोळे येतात आणि घरी गेल्यावरही दिवसभर अंगात त्राण राहत नाही.

तहान मिठातून लागते

'पाणी कमी प्या' हा सल्ला सगळेच देतात, पण मीठ कमी केल्याशिवाय तो पाळणे जवळजवळ अशक्य असते. साधारण आठ ग्रॅम मीठ शरीरात सुमारे एक लिटर पाणी धरून ठेवते. त्यामुळे दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी ठेवायला सांगितले जाते. यात स्वयंपाकातले, लोणच्यातले आणि पापडातले असे सगळेच मीठ आले.

कोल्हापूरच्या जेवणात हे मीठ लपलेले असते. घरोघरी वर्षभरासाठी केलेल्या कांदा-लसूण चटणीत मीठ आधीच असते. ती घालून भाजीत पुन्हा मीठ टाकले की प्रमाण दुप्पट होते. खर्डा, सांडगी मिरची, पापड, फरसाण आणि सुकी मासळी यांतही भरपूर मीठ असते. उपाय अवघड नाही : रुग्णापुरती चटणी बिनमिठाची करून वेगळ्या बरणीत ठेवायची आणि चवीसाठी लिंबू, आले, लसूण, जिरे-मिरपूड वापरायची.

एक मोठी चूक टाळायला हवी. बाजारात मिळणाऱ्या 'लो सोडियम' मिठात सोडियमऐवजी पोटॅशियम असते. डायलिसिसच्या रुग्णात रक्तातले पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. हे मीठ घरात आणूच नये.

पाणी म्हणजे फक्त तांब्यातले पाणी नव्हे

चहा, ताक, आमटी, सरबत, आइस्क्रीम हे सगळे पाण्यातच मोजायचे. तांबडा आणि पांढरा रस्सा वाटीवर वाटी घेण्याची रीत असली, तरी दोन वाट्या रस्सा म्हणजे जवळजवळ 300 मिलिलिटर द्रव, आणि तोही खारट. गंगावेशीच्या कट्ट्यावरच्या पेलाभर धारोष्ण दुधात पाण्यासोबत फॉस्फरसही असतो. उसाचा रस, नारळपाणी आणि गूळ यांत पोटॅशियम असते. कमरख हे फळ तर पूर्ण वर्ज्य आहे. त्यातला विषारी घटक निकामी मूत्रपिंडातून बाहेर पडत नाही आणि मेंदूवर परिणाम होतो.

तहान भागवण्याचे काही उपाय रुग्णांना उपयोगी पडतात :

- सकाळी दिवसाचे ठरलेले पाणी एका बाटलीत भरून ठेवणे. चहा किंवा आमटी घेतली की तितकेच पाणी बाटलीतून ओतून टाकणे.
- मोठा पेला बाजूला ठेवून लहान कप वापरणे आणि घोट-घोट पिणे.
- गार पाण्याने चूळ भरून टाकणे; लवंग किंवा वेलदोडा चघळणे.
- बर्फाचा छोटा खडा तोंडात धरणे, पण त्याचे पाणीही मोजणे.
- शक्य असेल तर गोळ्या जेवणाच्या वेळच्या पाण्याबरोबरच घेणे.
- रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहिणे.

मधुमेह असलेल्यांची साखर वाढली की तहानही वाढते. अशा वेळी साखर आटोक्यात आणणे हाच पाणी कमी करण्याचा खरा मार्ग असतो.

दुखणे कुठले, यावर उपाय ठरतो

डायलिसिस चालू असताना पोटरीत येणारे गोळे बहुतेक वेळा पाणी वेगाने काढल्यामुळे येतात. दुखायला लागताच तंत्रज्ञांना सांगावे. ते वेग कमी करतात किंवा सलाईन देतात. गोळे वारंवार येत असतील तर ड्राय वेट पुन्हा ठरवण्याची गरज असू शकते.

फिस्टुलात सुई टोचताना होणारे दुखणे कमी करण्यासाठी आधी बधिर करणारे मलम लावता येते. ते किती वेळ आधी लावायचे, हे केंद्रात विचारून घ्यावे. दर वेळी एकाच जागी टोचल्यास तिथली शीर फुगते, म्हणून जागा बदलत राहणे चांगले.

हाडे-सांधे दुखणे आणि अंगाला खाज सुटणे यामागे बऱ्याचदा वाढलेला फॉस्फरस असतो. तो बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्याव्या लागतात; उपाशीपोटी घेतल्या तर उपयोग होत नाही. बरीच वर्षे डायलिसिसवर असलेल्यांना हाताच्या बोटांत मुंग्या आणि रात्री वाढणारी कळ येऊ शकते. मनगटातली नस दाबली गेल्याची ती खूण असते.

वेदनाशामक गोळ्यांबाबत सावधगिरी

मेडिकलच्या दुकानातून मागून आणलेली गोळी इथे महागात पडते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या उरलीसुरली लघवी बंद पाडू शकतात, रक्तदाब वाढवतात आणि जठरात रक्तस्राव घडवू शकतात. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिले जात असल्याने हा धोका आणखी वाढतो. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित आहे, पण त्याचेही प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. नसांच्या दुखण्यावरच्या गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन या गोळ्या नेहमीच्या मात्रेत घेतल्यास गुंगी येते, तोल जातो. मॉर्फिन आणि कोडीन शरीरात साठतात, म्हणून तीव्र वेदनेसाठी वेगळी औषधे निवडली जातात. भस्मे आणि घटक न छापलेल्या पुड्या टाळाव्यात.

दुखणे सहन करत गप्प बसण्यात शहाणपणा नाही. ते कुठे, कधी आणि दहापैकी किती, हे वहीत वजनाशेजारीच लिहिले तर डॉक्टरांना निदान सोपे जाते.

पावसाळ्याची तयारी

एका डायलिसिसला साधारण 120 लिटर शुद्ध पाणी लागते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 च्या महापुरात रस्ते बंद पडले आणि शहराचा पाणीपुरवठाही विस्कळीत झाला. म्हणून नदी इशारा पातळीकडे जाऊ लागताच केंद्राशी बोलून डायलिसिस लवकर करून घेता येईल का ते विचारावे, आणि औषधांचा साठा व ताजे रिपोर्ट जवळ ठेवावेत. डायलिसिस लांबलेच तर पाणी, मीठ आणि फळे आणखी कमी करावी लागतात.

खर्च आणि तातडीच्या खुणा

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून संलग्न रुग्णालयांत डायलिसिस होते. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी 2016 मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा पातळीवर मोफत सोय केली जाते. साध्या एसटी बसमध्येही डायलिसिसच्या रुग्णांना प्रवास सवलत आहे.

आडवे झाल्यावर दम लागणे, छातीत दुखणे, हातापायातले बळ अचानक जाणे, फिस्टुलाची थरथर थांबणे किंवा ताप येऊन थंडी वाजणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या पाळीची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.