बाह्यग्रहांच्या वातावरणाचा वेध

सूर्याखेरीज अन्य ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांना बाह्यग्रह म्हणतात. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा असा पहिला ग्रह १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिएर क्वेलोझ यांनी शोधला; आता ज्ञात बाह्यग्रहांची संख्या सहा हजारांवर गेली आहे. यातील बहुतेक ग्रह दुर्बिणीतून प्रत्यक्ष दिसत नाहीत. तरीही काहींच्या वातावरणात कोणते वायू आहेत, हे सांगता येते.

ग्रह ताऱ्यासमोरून जातो त्या घटनेस अधिक्रमण म्हणतात. शुक्राचे असे अधिक्रमण २००४ आणि २०१२ मध्ये भारतातूनही दिसले होते. अधिक्रमणाच्या वेळी ताऱ्याचा काही प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो आणि वर्णपटातील त्या खुणेवरून तो ओळखला जातो. या पद्धतीने एचडी २०९४५८ बी या ग्रहावर हबल दुर्बिणीला सोडियम आढळल्याचे २००१ मध्ये जाहीर झाले. बाह्यग्रहाच्या वातावरणाचा तो पहिला पुरावा होता.

ही खूण अतिशय क्षीण असते आणि तिचा अर्थ लावताना तज्ज्ञांचीही फसगत होते. सिंह तारकासमूहातील, सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर असलेला के२-१८ बी हा ग्रह याचे बोलके उदाहरण आहे. हबलच्या निरीक्षणांवरून तेथे पाण्याची वाफ असल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला तेथे मिथेन व कार्बन डायऑक्साइड आढळले. वाफेची मानलेली खूण बहुतांशी मिथेनची होती.

एप्रिल २०२५ मध्ये, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले केंब्रिजचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या गटाने तेथे डायमिथाइल सल्फाइड किंवा तत्सम संयुग असण्याची शक्यता वर्तवली. पृथ्वीवर हे संयुग प्रामुख्याने सागरी प्लवकांपासून निर्माण होते. मात्र हा संकेत निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता ०.३ टक्के होती. शोध मान्य होण्यासाठी ती ०.००००६ टक्क्यांहून कमी असावी, असा प्रघात आहे. त्याच नोंदी पुन्हा तपासणाऱ्या अन्य गटांना पुरावा अपुरा वाटला. शिवाय हेच संयुग निर्जीव धूमकेतूवरही सापडले आहे. हा ग्रह सुमारे ३३ दिवसांतून एकदाच ताऱ्यासमोर येत असल्याने नव्या नोंदी जमण्यास वेळ लागतो.