निवृत्तिवेतनाच्या चौकशीस अडथळा : एका कलमाची वंशावळ

जुन्या पोथीची पाठपरंपरा लावण्याची जी रीत आपण वापरतों, तीच कायद्याच्या कलमांसहि लागू पडते. इंग्लंडांतील ‘पेन्शन्स ओम्बुड्समन’ या अधिकाऱ्याच्या चौकशीस जो आडवा येईल त्याचें काय करावें, हें सांगणारें कलम इ. स. १९९३ च्या ‘पेन्शन स्कीम्स ॲक्ट’मध्यें १५० वें आहे. त्याचा पाठ मूळचा तेथला नव्हे. तो तीन पिढ्यांचा असून मधल्या काळांत त्यापायीं माणसें तुरुंगांत गेलीं आहेत.

आमच्या समोरची आद्य प्रत इ. स. १९२१ ची. मार्कोनी प्रकरणांत (१९१२-१३) पार्लमेंटच्या कमिटीचा पक्षाभिमान उघडा पडला होता. पुढें युद्धसाहित्य खात्यावरील आरोपांच्या निमित्तानें स्वतंत्र चौकशीमंडळांचा कायदा झाला. त्यांत साक्षीस न येणें, शपथ नाकारणें, ताब्यांतील कागद हजर न करणें, प्रश्नास उत्तर न देणें हे अपराध एकेक करून सांगितले आहेत, व शेवटीं, मंडळ हें न्यायालय असतें तर जें कृत्य न्यायालयाचा अवमान ठरलें असतें तेंहि त्यांत घेतलें आहे. शिक्षा मात्र मंडळानें करावयाची नाहीं. अध्यक्षानें स्वदस्तुरानें अपराधाचा दाखला हायकोर्टाकडे पाठवावा, आणि कोर्टानें साक्षी व बचाव ऐकून शिक्षा द्यावी. चौकशी करणारा एक व दंड देणारा दुसरा, ही योजना आमच्या मतें या कलमाचा प्राण होय.

तें कलम कागदावरच राहिलें नाहीं. आरमारखात्यांतील कारकून वॅसल हेरगिरीबद्दल दोषी ठरल्यावर लॉर्ड रॅडक्लिफ यांचें मंडळ बसलें. त्यापुढें बातमीचा उगम सांगण्यास नकार दिल्यामुळें १९६३ सालीं मलहॉलंड या पत्रकारास सहा महिने व फॉस्टर यास तीन महिने कैद झाली.

दुसरी प्रत १९६७ ची. स्वीडनमध्यें १८०९ च्या राज्यघटनेनें निर्माण झालेल्या ओम्बुड्समनचा कित्ता गिरवून इंग्लंडांत पार्लमेंटरी कमिशनर नेमला गेला. येथें पाठभेद लक्षांत घेण्याजोगे आहेत. अपराधांची यादी गळाली व तिच्या जागीं ‘कायदेशीर सबबीवांचून अडथळा’ हे शब्द आले. ‘कृति अथवा अकृति’ असें म्हटल्यामुळें नुसतें मौनहि दोषास पात्र होऊं शकतें. अध्यक्षाचें ‘स्वदस्तुर’ गेलें. ‘शिक्षा करावी’ याऐवजीं, तोच अपराध प्रत्यक्ष कोर्टाविरुद्ध घडला असतां जसें वागवितां आलें असतें तसें वागवावें, असा सौम्य दिसणारा पाठ आला. अर्थाची धार मात्र कमी झाली नाहीं.

हाच पाठ निवृत्तिवेतनाच्या कायद्यांत उतरला. ओम्बुड्समनचें पद १९९० च्या कायद्यानें निर्माण झालें, व १९९३ सालीं त्याचे नियम एकत्र आणले गेले. यांत दाखला हायकोर्टाकडे न जातां इंग्लंड व वेल्समध्यें कौंटी कोर्टाकडे आणि स्कॉटलंडांत शेरीफाकडे जातो. हा फरक लेखकप्रमाद नव्हे. पार्लमेंटरी कमिशनर केवळ अहवाल देतो. पेन्शन ओम्बुड्समनचा निर्णय उभयपक्षीं बंधनकारक असून इंग्लंडांत कौंटी कोर्टाच्या निवाड्याप्रमाणें अमलांत येतो, म्हणून त्याच कोर्टाशीं नातें जोडलें असावें.

कागदांचा प्रश्न येथें सर्वांत निकडीचा. वेतन मागणाऱ्या वृद्धाजवळ बहुधा एखादें पत्र असतें. हिशेबाचें सर्व दप्तर विश्वस्तांच्या कपाटांत. मॅक्सवेल १९९१ च्या नोव्हेंबरांत मरण पावल्यावर त्याच्या कंपन्यांच्या निवृत्तिनिधींतून कोट्यवधि पौंड नाहींसे झाल्याचें उघडकीस आलें, तेव्हां या भेदाचें गांभीर्य साऱ्या देशास कळलें. म्हणून मालक, विश्वस्त किंवा ज्याच्याजवळ माहिती असेल अशा कोणासहि कागद हजर करावयास सांगण्याचा अधिकार या अधिकाऱ्यास आहे. तथापि दिवाणी दाव्यांत जो कागद मागतां येत नाहीं तो येथेंहि मागतां येत नाहीं. वकिलाशीं झालेला गुप्त पत्रव्यवहार रोखून धरणारा या कलमाखालीं अपराधी होत नाहीं. साधा जमाखर्च दडविणारा होऊं शकतो.

आपल्याकडील १९७१ च्या महाराष्ट्र लोकायुक्त कायद्यांत सरकारी नोकरांच्या नेमणुका, पगार, शिस्त इत्यादि बाबी चौकशीच्या कक्षेबाहेर ठेवल्या असतां निवृत्तिवेतन, उपदान व भविष्यनिर्वाहनिधि यांचे दावे मात्र मुद्दाम आंत घेतले आहेत.